ताट पुढं गेलं

ताट सारजाबाईच्या पुढनं गेलं आणि थांबलं नाही.

तिचा हात मात्र उचललेला होता. मांडीवरनं वीतभर वर, बोटं जुळवलेली, डोक्यावर पदर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिरूरहून पाळकबुवा यायचे, वस्तीच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन व्हायचं, शांतवनआबा ताट घेऊन रांगेनं फिरायचे. आजही आबांचे अनवाणी पाय तिच्यासमोर आले. टाचांच्या भेगा तिला दिसल्या, त्यांत रुतलेली काळी माती दिसली, आणि ते पाय पुढं गेले. पलीकडच्या बाईनं तुकडा घेतला, तिच्या पलीकडचीनं घेतला. सारजाबाईला वाटलं, म्हातारं माणूस, नजर मंदावलीय, चुकलं असेल. मागं येतील. म्हणून तिनं हात तसाच धरून ठेवला.

मागं कुणी आलं नाही.

आणि ताटातली पोळी तिच्याच हातची. गहू त्या वस्तीत वर्षाकाठी एवढ्याच कामाला निघायचा. पहाटे उठून, तोंड धुऊन, कुणाशी एक शब्द न बोलता तिनं ती बिनमिठाची पोळी लाटली होती. सासूनं शिकवलं होतं, प्रभूच्या पोळीला बोलत्या तोंडाची थुंकी लागू नये. आता तिच्या तव्यावरची पोळी सगळ्यांच्या तोंडात होती आणि तिचं तोंड कोरडं पडलं होतं.

तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. तिचा नवरा मच्छिंद्र भिंतीकडेला बसला होता. त्यानं सगळं पाहिलेलं होतं. दोघांची नजर भिडली, आणि तिच्या जिवात जीव आला. आता हा ताट अडवील. म्हणेल, आबा, तिकडं एक राहिली. निदान स्वतः तरी घ्यायचा नाही.

ताट मच्छिंद्रापाशी आलं. त्यानं तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि मान खाली घालून चावला.

सारजाबाईनं हात मांडीवर ठेवला. तो तिचा वाटेना. कुणीतरी विसरून गेलेली वस्तू असावी तसा तो तिथं पडून राहिला.

उपासना सुटल्यावर सगळे लिंबाखाली जमायचे, एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम करायचे. वस्तीत घरं तीनच, सगळी एका आज्याची. त्यामुळं सकाळी जिच्याशी पाण्यावरनं भांडलं तिलाच दुपारी सलाम करावा लागे. आज बायका पायताणं शोधायला लागल्या. एरवी पायताण शोधायला एवढा वेळ लागत नाही.

सारजाबाई आबांसमोर जाऊन उभी राहिली. आबा म्हणजे मच्छिंद्राचे चुलते. तिच्या लग्नात तिला गाडीतनं उतरवून घेणारे.

"आबा, माझं काय चुकलं?"

"मलाच इचारतीस?" आबांचा आवाज चढला. "भैरोबाच्या काठीला दोर कुणाचा हुता? यात्रंत सारं गाव काठी उभी करत हुतं, आन् म्या वाटनं चाललो हुतो. ह्या डोळ्यांनी बगितलं. दोराच्या शेवटाला तुझी गाठ!"

सारजाबाईला काही उमगेना. "माझी?"

"तीन पेड मागं मुरडून पोटात घालतीस ती गाठ दुसरं कोन मारतं? माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला तवा पाण्यात हुभं राहून सांगितलं, ह्या वस्तीतनं देवाच्या काठीला दोर जानार न्हाई. गावानं वाळीत टाकलं, तरी दिला न्हाई. आन् तू दिलास! वर प्रभूची पोळी लाटतीस!"

"म्या न्हाई दिला, आबा."

"गाठ खोटं बोलंल व्हय?"

पाळकबुवा भले गृहस्थ होते, पण सायकलवरनं आलेले आणि ऊन चढायच्या आत परतायचे. ते म्हणाले, "शांतवनराव, असं परस्पर करायचं नव्हतं. मी पुढच्या महिन्यात आलो की चौकशी करू." मग विजार गुंडाळून त्यांनी सायकलवर टांग टाकली. सारजाबाईला महिनाभर वस्तीत राहायचं होतं. सायकल तिच्याकडं नव्हती.

मच्छिंद्र लांब उभा राहून लिंबाच्या काडीनं दात कोरत होता.

पहिले काही दिवस ती नुसतं काम करत राहिली. काम तिला सोडत नव्हतं हेच बरं. पिढ्यान्‌पिढ्या ह्या वस्तीचा धंदा दोराचा. बांधावरचं घायपात कापायचं, पानं डोहात कुजत घालायची, मग दगडावर मोगरीनं बडवून त्यातनं वाख काढायचा. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला कासरे, दावी न्यायची, आणि गावातल्या मोटांना लागणारा जाड नाडा वळून द्यायचा. त्या साली विहिरींचं पाणी पार खाली गेलेलं, जुने नाडे पुरत नव्हते. राहू गावाकडं कुणीकुणी विहिरींवर इंजिनं बसवली होती म्हणे. इंजिनाला दोर लागत नाही, एवढंच मच्छिंद्र त्यावर बोलायचा.

कुजल्या पानांचा वास अंगाला चिकटून बसायचा. रसानं कोपरापर्यंत खाज सुटायची. मोगरी उचलायची, आपटायची. बडवता बडवता प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायची तिला लहानपणापासून सवय. आता ती म्हणताना एक गंमत व्हायची. जशी आम्ही इतरांना माफी केली तशी तू आम्हाला कर, ह्या माफीच्या ओळीपाशी आलं की जीभ अडायची. दोन-तीनदा तसं झाल्यावर तिनं ती ओळ सोडायला सुरुवात केली. आबांनी जसं तिला ओलांडून शेजारणीला दिलं, तसं तीही ओळ ओलांडून पुढचं म्हणायची. देवाला कळत असणारच. पण तोही काही बोलला नाही.

एकदा डोहावर हुसेनबी शेरडं घेऊन आली. तिचा नवरा कासम भाड्यानं बैलगाडी हाकायचा. हुसेनबी दगडावर बसली आणि तंबाखू मळत म्हणाली, "काय गं, तोंड का असं? तुज्या नवऱ्यानं मारलं का काय?"

"न्हाई गं."

"मंग? यात्रंत तर तुमचीच हवा! काय दोर, काय दोर! आमचे कासम म्हनत हुते, येवडी मोठी काठी, पन हाललीसुदिक न्हाई."

मोगरी वरच राहिली. "कासमभाईंला काय ठावं?"

"या अल्ला! त्यांच्याच गाडीतनं गेला की दोर. मच्छिंद्रभाऊ सोता बसले हुते वर. बापूसाहेबांच्या वाड्यावर उतरवला, आन् तिथनं काठीला." तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "तुला ठावं न्हाई व्हय? तूच तर वळला आसशील."

सारजाबाईनं मोगरी हळूच खाली ठेवली. पायाखालचं पाणी वाहत होतं तसंच वाहत होतं, पण तिला वाटलं आपण उलटीकडं चाललोय.

तो दोर तिला आठवला. शिमग्याआधीचा. मच्छिंद्र म्हणाला होता, गावच्या जमीनदाराच्या, बापूसाहेबाच्या मोटेला लांब नाडा पाहिजे. सगळ्यांनी मिळून वळला. ती मधे होती, मच्छिंद्र चिंचेपाशी ताण धरून होता, आणि पीळ देणाऱ्या चरखीवर—

चरखीवर आबा होते. अख्खा पीळ आबांच्या हातचा. गाठ तेवढी तिची. चरखी फिरवणाऱ्याची दोरावर खूण राहत नाही.

तिला हसू फुटलं. हुसेनबी घाबरली. कारण हसता हसता सारजाबाईनं तोंडात पदर कोंबला होता आणि डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या.

"बया, काय बोलले मी? सारजे? वाईट बोलले का काय?"

"न्हाई. तू खरं बोललीस. तूच येकली."

त्या दिवशी दुपारी मच्छिंद्र जेवायला बसला. तिनं कालवण वाढलं. मग भाकरीची टोपली घेऊन ती आली, त्याच्यासमोरनं सावकाश पुढं गेली, दारातल्या कुत्र्याला चतकोर टाकला, आणि टोपली घेऊन चुलीपाशी जाऊन बसली.

मच्छिंद्राचा हात पुढं झाला होता. तो तसाच राहिला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

त्यानं हात मागं घेतला. "कुनी सांगितलं?"

"कुनी का सांगंना. तुमी न्हाई सांगितलं."

तो कालवणाकडं बघत बोलला. "बापूसाहेब म्हनला, तुमच्या आज्याच्या बापापासनं काठीचा दोर तुमचा. तुमी तिकडं गेलात, आमी काय बोललो न्हाई. पर बांध आमचा हाय. घायपात तोडायचं आसंल तर दोर द्यायचा. म्या काय करनार हुतो? सगळा वाख त्येच्याच बांधावर."

"मला सांगायचं."

"तू आबाला सांगितलं आसतंस."

"व्हय, सांगितलं आसतं. मंग तिगांनी मिळून इचार केला आसता." तिनं फुंकणी उचलली आणि उगाच परत ठेवली. "बापूसाहेबाचं जाऊ द्या. तुमी भ्यालात, मानूस भितं. पर देवळात. माझ्या तोंडाकडं बगून तुमी घास घेतलात."

"ताट आलं," मच्छिंद्र म्हणाला. "हात फुडं गेला. गेल्यावर मागं कसा घ्यायचा? लोक म्हनले आसते, ह्येला काय झालं."

हे खरं होतं. अकरा माणसांच्या मंडळीत नवऱ्याला लोकांची पडली होती, आणि त्या लोकांत ती नव्हती. तिनं एक भाकरी उचलून त्याच्या ताटात टाकली. वरनं टाकली, वाढली नाही.

"आबांना सांगा."

"आबा मला मंडळीतनं काढील."

"मला काढलंच की. मेले का म्या?"

पण तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही. घरात ती दोघं भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यांसारखी राहिली.

मग बापूसाहेबाचा गडी आला. मोटेचा नाडा झिजलाय, बैल अर्ध्या धावेवर असताना तुटला तर मोट जाईल आणि बैलही. नवा पाहिजे, आणि लगेच पाहिजे. ह्या खेपेला खरंच मोटेला, हे सारजाबाईनं त्याच्याकडनं दोनदा वदवून घेतलं.

चरखी वस्तीत एकच, आबांच्या अंगणात रोवलेली. आणि दोर काही एकट्या-दुकट्याचं काम नव्हे. तीन माणसं लागतातच. तिसरं घर मजुरीला परगावी गेलेलं. मच्छिंद्र म्हणाला, "म्या न्हाई जानार इचारायला." म्हणून ती गेली, पदर ओढून.

आबा ओट्यावर होते. तिला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"आबा, नाडा वळायचा हाय. चरखीला मानूस पायजे."

"तुझ्यासंगं?"

आतनं त्यांची बायको एलिसाबाई सूप घेऊन बाहेर आली. "तिच्यासंगं न्हाई तर काय माझ्यासंगं? मला मेलीला पीळ कळतोय व्हय? पोटाचं काम हाय, बसा गुमान चरखीवर."

सकाळी, वाखात रात्रीची ओल होती तोवरच सुरुवात केली. चरखीच्या तीन आकड्यांना तीन पेड लावले. ते लिंबापासून पार चिंचेपर्यंत ताणत नेले. तिकडं मच्छिंद्रानं कमरेला पट्टा आवळला, पट्ट्याच्या आकड्यात तिन्ही पेडांची टोकं अडकवली आणि टाचा मातीत रोवून मागं रेलला. सारजाबाईच्या हातात तीन खाचांचा लाकडी ठोकळा. एकेका खाचेत एकेक पेड. तिनं चिंचेपासनं निघायचं आणि चरखीकडं चालत जायचं. ती पुढं सरकेल तसा तिच्या मागं तीन पेडांचा एक दोर होत जातो. मधेच कुणी हात सोडला, तर पेड उसळून एकमेकांत गुंततात आणि महिन्याचा वाख मातीत जातो.

ठोकळा मच्छिंद्राच्या छातीशी लावताना ती हळू बोलली, "आयका. म्या हितनं निगाले. आबापाशी पोचायच्या आत तुमी बोललात तर बरं. न्हाईतर नाडा पुरा करून दीन आन् म्हायेरी राहूला जाईन. तिथं बी मंडळी हाय. मला घेतील."

"सारजे—"

"पीळ द्या आबा!" ती ओरडली.

चरखी कुरकुरली. पेड थरथरायला लागले, घट्ट झाले, त्यांतनं बारीक धूळ उडायला लागली. ठोकळा तिच्या तळव्यांत मुरडायला बघत होता. ती पाऊल पाऊल मागं सरत गेली, पाठ आबांकडं, तोंड नवऱ्याकडं. दोर आखडेल तसा मच्छिंद्र एकेक बोट पुढं ओढला जात होता. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. तो तिच्याकडं बघत होता. तिनं नजर काढली नाही.

अर्ध्यावर आली. तो बोलला नाही. हात भाजायला लागले. आणखी चार पावलं गेली.

मच्छिंद्राचं तोंड हललं.

"काय?" चरखीवरनं आबा ओरडले. "ढिला करू?"

"ढिला न्हाई! पीळ देत ऱ्हावा!" मच्छिंद्र ओरडला. मग त्याच दमात, कारण दोरावर हळू बोलताच येत नाही, "आबा! त्यो काठीचा दोर म्या दिला!"

"काय दिला?"

"काठीचा दोर! भैरोबाच्या! म्या सोता बापूसाहेबाला निऊन दिला! सारजीला ठावं नव्हतं! मोटंचा म्हनून तुमाला समद्यांला खोटं बोललो!"

साऱ्या वस्तीनं ऐकलं. एलिसाबाईचं सूप थांबलं. लांब बांधावर शेरडं राखणाऱ्या हुसेनबीनंही मान वर केली. आणि चरखी थांबली.

ठोकळ्यातनं पेड सुटायला बघू लागले. सारजाबाईनं अंगाचा भार त्यावर टाकला. "आबा, चरखीची मूठ सोडू नगासा!" तिचा आवाज फाटला. "काय रडायचं ते मागनं रडा! वाख जाईल!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग कुरकुर परत सुरू झाली. एक फेरा. दुसरा. ती मागं सरत राहिली. पाठीमागं म्हाताऱ्याचा श्वास तिला ऐकू यायला लागला, मग त्याच्या घामाचा वास आला, आणि तिची टाच चरखीच्या खुंटाला लागली. दोर पुरा झाला होता.

ती वळली. आबांचं तोंड उघडंच होतं. दाढीचे खुंट ओले. हात मुठीवर, पण मूठ धरलेल्या माणसासारखे नाही, मुठीनं धरून ठेवलेल्या माणसासारखे.

गाठ मारायची तर दोराचं टोक कुणीतरी दाबून धरावं लागतं. आबांनी धरलं. तिनं तीन पेड मागं मुरडले, पोटात घातले. दोघांची बोटं एकाच जागी होती.

"त्यो दोर..." आबा म्हणाले. "शिमग्याआधीचा. चरखीवर म्याच हुतो."

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"डोहावर कळलं, तवापासनं."

"मंग बोलली का न्हाईस, पोरी?"

"तुमी थांबला कुठं, आबा? ताट घिऊन फुडं गेलात."

आबा खाली बसले. चिंचेखाली मच्छिंद्र पट्टा न सोडताच उभा होता. त्याला सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. आबा म्हणाले, "आता मच्छिंद्राचं ताट बंद करावं लागंल. नियम हाय."

सारजाबाईनं गाठ ओढून बघितली. पक्की होती. "आन् चरखीवाल्याला? आन् गाठवालीला? मंग ताट कोन फिरवंल, आन् खाईल कोन? पाळकबुवा येकलेच खातील आन् सायकलवर बसून जातील."

एलिसाबाईनं सूप तोंडावर धरून हसणं दाबलं. आबा हसले नाहीत.

पहिल्या रविवारी पाळकबुवा चौकशी करायच्या तयारीनं आले. आबांनी उभं राहून सगळं सांगितलं, आपल्या चरखीसकट. मच्छिंद्र उठला आणि म्हणाला, पुढच्या चैत्रात दोर देणार नाही, बांध बंद झाला तर झाला. तेव्हा पाळकबुवांना विचारण्यासारखं फारसं उरलं नाही, आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. माफीच्या ओळीपाशी सारजाबाईची जीभ अडली. मग तिनं ती ओळ म्हटली. काटा उपटावा तशी, झटकन, डोळे मिटून. दुखलं.

ताट निघालं. आबांचे भेगाळलेले पाय रांगेनं येऊ लागले. ह्या खेपेला तिनं हात आधी उचलला नाही. पाय समोर आले. थांबले. ताट तिच्यापुढं आलं. तरी तिनं क्षणभर बघून घेतलं, मग हात वर नेला.

पोळी एलिसाबाईची होती. हे आबांनी मागंच ठरवून टाकलेलं.

पुरुषांच्या बाजूला मच्छिंद्र दोन्ही हात काखेत घालून, मान खाली घालून बसला होता. ताट त्याच्यापुढं आलं. त्यानं मान हलवली. आबा थांबले. त्यानं परत मान हलवली. आबा थांबूनच. पाळकबुवा खाकरले. तरी म्हाताऱ्याचे पाय हलले नाहीत. पार शेवटी मच्छिंद्रानं मान वर केली, पण आबांकडं नाही, तिच्याकडं बघायला. तिनं नुसती हनुवटी हलवली. घ्या, एवढंच.

मग काखेतनं एक हात निघाला.

बाहेर लिंबाखाली सलाम चालले होते. पायताणं आज सगळ्यांना लगेच सापडली. सारजाबाईनं एलिसाबाईचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सलाम, काकी."

"सलाम गं बाई."

"काकी, पोळी मधी कच्ची हुती," सारजाबाई म्हणाली. "फुडल्या महिन्याला म्याच करीन."